काटोलचा दगड आणि पृथ्वीधातू

२२ मे २०१२. विदर्भातील उन्हाळ्याची भर दुपार. दोन वाजण्याच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात आकाशातून मोठा गडगडाट ऐकू आला आणि पाठोपाठ काळसर दगडांचा विखुरलेला वर्षाव झाला. संत्र्यांच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याचे नाव त्या दिवसापासून जगाच्या अशनी-नोंदीत दाखल झाले. नऊ वर्षांनी, २०२१ साली, त्याच दगडाच्या एका तुकड्यात असे एक खनिज सापडल्याचे प्रसिद्ध झाले, की जे आपल्या पायांखाली सर्वाधिक प्रमाणात आहे आणि तरीही जमिनीखालून ते कोणी कधी काढून पाहिलेले नाही. त्या संशोधनात खरगपूर व अहमदाबादच्या अभ्यासकांबरोबर हिरोशिमा आणि सेंदाई येथील विद्यापीठांचे संशोधक होते. नागपूरच्या मातीशी नाते सांगणाऱ्या आणि जपानमध्ये पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना हा दगड जवळचा वाटावा, याला एवढे कारण पुरेसे आहे. मात्र या लेखाचे प्रयोजन केवळ अभिमान हे नाही. दगड आकाशातून पडला म्हणजे त्याला काय मानायचे, आणि तो कशाचा आहे हे कसे जाणायचे, या दोन प्रश्नांतील अंतर आपल्या समाजाने फार मोठी किंमत देऊन ओळखलेले आहे. म्हणून हा विषय आपल्या स्तंभात यावा असे वाटले.

प्रथम दगडाकडे पाहू. आकाशात क्षणभर चमकून विझते ती उल्का. जळून उरलेला जो भाग जमिनीवर पोचतो तो अशनी. अशनींचे तीन ढोबळ वर्ग आहेत: पाषाणी, लोही आणि पाषाण-लोही. पडताना पाहिलेल्या अशनींपैकी दहांतील नऊंहून अधिक पाषाणी असतात आणि त्यांतही बहुसंख्य ‘कॉन्ड्राइट’ या जातीचे असतात. दगड कापून त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला, की त्यात मोहरी-बाजरीएवढ्या किंवा त्याहून लहान गोलसर कणिका दिसतात. त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. सूर्याभोवतीच्या आदिम धूळमेघात धुळीचे गोळे एकदम वितळले, अवकाशात थेंब होऊन तरंगले आणि काही तासांत थिजले; त्या थिजलेल्या थेंबांच्या या कणिका. त्यांचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षांहून अधिक आहे. अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली गेली, तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे कॉन्ड्राइटच्या तुलनेत अजिंठ्याचा कडा अगदी कालपरवाचा म्हणावा लागेल.

आता घटकांचा हिशेब. काटोलचा दगड ‘एल ६’ या प्रकारात मोडतो. ‘एल’ म्हणजे ज्यात एकूण लोह तुलनेने कमी आहे असा गट. या गटाच्या दगडाचे सरासरी रासायनिक पृथक्करण केले, तर वजनाने ऑक्सिजन सुमारे ३८ टक्के, लोह २१ ते २२ टक्के, सिलिकॉन १८ ते १९ टक्के आणि मॅग्नेशियम सुमारे १५ टक्के भरते. या चार मूलद्रव्यांतच शंभरातील ९३ भाग संपतात. उरलेल्या भागात गंधक सुमारे दोन टक्के. कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि निकेल प्रत्येकी एक टक्क्याच्या किंचित वर. आणि मग सोडियम, क्रोमियम, मँगनीज, फॉस्फरस यांचे अंश. ही मूलद्रव्ये सुटी नसतात. ती खनिजांत बांधलेली असतात. मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे मिळून ऑलिव्हीन व पायरॉक्सीन ही दोन मुख्य खनिजे होतात. सोडियम, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम हे प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजात जातात. गंधक लोहाशी मिळून ट्रॉयलाइट बनते. आणि काही लोह कशाशीच न जुळता निकेलसह शुद्ध धातूच्या रूपात, कापलेल्या पृष्ठभागावर चंदेरी ठिपक्यांसारखे चमकत राहते. निकेल कमी असलेल्या त्या मिश्रधातूला कामासाइट आणि अधिक असलेल्याला टेनाइट अशी नावे आहेत.

या शेवटच्या गोष्टीतच आकाशाच्या दगडाची खूण आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्येही लोह आहे, साधारण दहा टक्के. पण ते खनिजांत बांधलेले आहे, धातूच्या रूपात नाही. त्यातील निकेल टक्क्याच्या एक शतांशाच्या आसपास, म्हणजे काटोलच्या दगडातील निकेलच्या साधारण शंभरावा हिस्सा. मॅग्नेशियमही तीन-चार टक्केच. हा फरक का पडला? पृथ्वी एके काळी वितळलेली होती. त्या अवस्थेत जड लोह खाली बुडाले, निकेलसारखी लोहाच्या संगतीने राहणारी मूलद्रव्ये घेऊन पृथ्वीच्या गाभ्यात जाऊन बसले आणि वर हलके पाषाण राहिले. कॉन्ड्राइट ज्या लघुग्रहांचे तुकडे आहेत, ते तापले असले तरी पूर्ण वितळले नाहीत. त्यामुळे त्यांच्यात वरचे-खालचे वेगळे झालेच नाही. धातू आणि पाषाण आजही एकमेकांत मिसळलेले आहेत. उडून गेलेले वायू सोडले, तर त्यांतील मूलद्रव्यांचे परस्परप्रमाण सूर्याच्या प्रमाणाशी बरेच जुळते. सूर्याशी सर्वांत नेमके जुळणारे कॉन्ड्राइट ‘सीआय’ या गटाचे असतात. जपानच्या हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२० मध्ये र्युगू या लघुग्रहावरून आणलेले सुमारे ५.४ ग्रॅम कण याच गटाच्या जवळचे निघाले.

‘एल’च्या जोडीला लोह अधिक असलेला ‘एच’ आणि लोह व धातू दोन्ही आणखी कमी असलेला ‘एलएल’ असे सामान्य कॉन्ड्राइटचे तीन गट आहेत. नावापुढील ३ ते ६ हा आकडा त्या दगडाने मूळ लघुग्रहाच्या पोटात किती उष्णता सोसली हे सांगतो. ३ असेल तर कणिका स्वच्छ, तीक्ष्ण कडांच्या दिसतात. ६ असेल तर दीर्घकाळ भाजल्यामुळे त्या भोवतालच्या पिठात विरघळत गेलेल्या, कडा पुसट झालेल्या दिसतात. काटोलचा दगड असा पूर्ण भाजलेला आहे.

हे सारे कळते कसे? पद्धतींची नावे अवघड असली तरी कामाचा क्रम सरळ आहे. दगडाची पातळ चकती कापून ती काचेवर चिकटवतात आणि मिलिमीटरच्या तीन शतांशाएवढी जाडी होईपर्यंत घासतात. एवढ्या पातळ दगडातून प्रकाश आरपार जातो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ऑलिव्हीन झगझगीत रंगांत उजळते, फेल्डस्पार राखाडी पट्ट्यांत दिसते, धातू काळाच राहतो. त्यानंतर इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत एकेका कणावर सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकते आणि त्यावरून त्या कणात काय किती आहे ते मोजले जाते. ऑलिव्हीनमध्ये लोहाचा वाटा मोजला, की दगडाचा गट ठरतो: ‘एच’मध्ये तो १६ ते २० टक्के, ‘एल’मध्ये २३ ते २६, ‘एलएल’मध्ये त्याहून अधिक. संपूर्ण दगडाचा हिशेब हवा असेल, तर त्याची पूड आम्लात विरघळवून, प्लाझ्मात तापवून, अणूंच्या वजनानुसार त्यांची वर्गवारी करतात. स्फटिकात अणू कसे रचले आहेत हे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून कळते. एका पद्धतीचे उत्तर दुसरीने तपासायचे आणि एका प्रयोगशाळेचे उत्तर दुसरीने तपासायचे, हा त्यातला शिरस्ता आहे.

या शिरस्त्यामागे एक इतिहास आहे, आणि तो आपण वाचावा असा आहे. १३ सप्टेंबर १७६८ रोजी फ्रान्समधील ल्युसे या गावी शेतात काम करणाऱ्या लोकांनी एक दगड आकाशातून पडताना पाहिला. तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे गेला. तपासणाऱ्या तिघांत तरुण लाव्हाझिए होते. पुढे आधुनिक रसायनशास्त्राचे जनक म्हणून ज्यांची कीर्ती झाली तेच. त्यांनी पृथक्करण केले, काचरूप होणारी माती, लोह आणि गंधक यांची टक्केवारी मांडली. आणि निष्कर्ष काढला, की हा जमिनीवरचाच गंधकयुक्त दगड असून त्यावर वीज पडली असावी. म्हणजे हातातील दगड तपासला, पण डोळ्यांनी पाहणाऱ्या शेतकऱ्यांची साक्ष जमेस धरली नाही. अडाणी माणसांनी सांगितलेले अशक्यच असणार, हे तपासणीच्या आधीच ठरलेले होते. विद्वत्तेचा अहंकार प्रयोगशाळेतही शिरतो, याचे हे उदाहरण. ‘तुम्ही पाहिलेत ते खरे नव्हे’ हे वाक्य पिढ्यानपिढ्या ऐकलेल्या समाजाला ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ही कोंडी फुटली ती सारनाथपासून फार दूर नसलेल्या एका खेड्यातील दगडामुळे. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री बनारसजवळच्या क्राखुत या गावी अग्निगोल दिसला, गडगडाट झाला आणि दगड पडले. एक दगड तर राखणदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून आत रुतला. जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रजाने गावकऱ्यांच्या साक्षी टिपून घेतल्या आणि दगडांसह ते वृत्त लंडनला पाठवले. तेथे एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने हा दगड इटली, इंग्लंड आणि बोहेमिया येथे पडलेल्या दगडांशेजारी ठेवून तपासला. त्याला साहाय्य होते काउंट द बुर्नों या खनिजतज्ज्ञाचे, जो फ्रेंच राज्यक्रांतीनंतर देश सोडून आलेला परागंदा माणूस होता. बुर्नोंने धीराने दगडाचे चार घटक वेगळे केले: गोल कणिका, गंधकयुक्त लोहखनिज, धातुरूप लोहाचे कण आणि या सर्वांना धरून ठेवणारे मातकट पीठ. हॉवर्डने प्रत्येकाचे स्वतंत्र पृथक्करण केले. चारही देशांच्या दगडांतील धातूत निकेल निघाले. एकमेकांपासून हजारो मैल दूर, निरनिराळ्या जमिनींवर पडलेले दगड परस्परांसारखे आणि आपापल्या भूमीतील दगडांहून वेगळे आहेत, हे १८०२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सिद्ध झाले. दगड आकाशातून पडतात हे मानण्यास युरोपातील विद्वान त्यानंतर तयार होऊ लागले. क्राखुतच्या राखणदाराचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. पण त्याची साक्ष आणि हॉवर्डचे निकेल एकत्र आले तेव्हाच सत्य उभे राहिले.

बुद्धभूमीवर पडलेले दगड एवढ्यावर संपत नाहीत. १८५२ च्या डिसेंबरात गोरखपूरच्या पश्चिमेस बस्ती येथे एक दगड पडला. हा तोच बस्ती जिल्हा, ज्याच्या पूर्वीच्या हद्दीत पिपरहवाचा स्तूप होता. या दगडात कॅल्शियम सल्फाइडचे खनिज सापडले, जे पृथ्वीवरच्या दमट हवेत टिकतच नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तत्कालीन प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून त्याला ओल्डहॅमाइट म्हणतात. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गया जिल्ह्यातील शेरघाटी येथे पडलेला दगड पुढे मंगळावरचा ठरला आणि त्या जातीच्या सर्व दगडांना ‘शेरगोटाइट’ हे नाव मिळाले. शेरघाटीहून बोधगया काही कोसांवर आहे. आपल्या खानदेशातील माणेगाव येथे १८४३ साली पडलेला दगडही मोलाचा आहे. तो वेस्टा या मोठ्या लघुग्रहाच्या जातकुळीतील मानला जातो. या ठिकाणांच्या पावित्र्यामुळे दगड तेथे पडले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. गंगेच्या खोऱ्यात वस्ती दाट आहे आणि तेथील गाळाच्या जमिनीत दगड मुळातच विरळ. त्यामुळे पडलेला दगड पाहणारे डोळेही होते आणि त्याला वेगळा ओळखणेही सोपे होते. कारण एवढेच.

आता पुन्हा काटोलकडे. त्या दगडात बारीक काळ्या शिरा आहेत. अवकाशात दोन लघुग्रह आदळले, तेव्हा त्या आघाताने क्षणभर वितळलेल्या आणि लगेच थिजलेल्या दगडाच्या त्या रेषा. त्यांपैकी एका शिरेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ब्रिजमनाइट नावाचे खनिज आढळले. मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची ही अतिशय घट्ट रचना. काटोलच्या कणांत लोह आणि ॲल्युमिनियमही मिसळलेले आहे. पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटर खोलीपासून गाभ्याच्या जवळपासपर्यंत हेच खनिज मुख्यत्वे भरलेले आहे. संपूर्ण पृथ्वीत याहून अधिक असे दुसरे खनिज नाही. पण माणसाने खोदलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, १२ किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. त्यामुळे हे खनिज प्रयोगशाळेत तयार करून अभ्यासावे लागे. निसर्गातील नमुना प्रथम ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीत सापडला आणि २०१४ साली खनिजाला अधिकृत नाव मिळाले. पण तेथील आणि नंतरच्या नमुन्यांची रासायनिक घडण पृथ्वीच्या पोटातील अपेक्षित घडणीशी जुळत नव्हती. काटोलमधील ब्रिजमनाइट तीन दशकांच्या प्रयोगांतून काढलेल्या घडणीशी निकटचे जुळले. ते बनण्यास २३ ते २५ गिगापास्कल दाब लागला असावा, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ सव्वादोन ते अडीच लाख पट. आघात क्षणिक होता आणि शीर झटकन थंड झाली, म्हणूनच ही रचना मोडली नाही. पृथ्वी वितळलेल्या अवस्थेतून घट्ट होत असताना तिच्या पोटात काय घडले असेल, याचा दाखला अशा रीतीने नागपूर जिल्ह्यातील एका शेतातून मिळाला.

ज्या देशात हे घडले त्याच देशात उल्केविषयी दुसरे एक ‘शास्त्र’ दीड हजार वर्षे चालत आले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कालक्षणांचे प्रकरण आहे. स्वर्गातील पुण्याचा भोग संपवून खाली पडणारे जीव म्हणजे उल्का, असे तेथे मानले आहे. आणि पांढरी, तांबडी, पिवळी व काळी उल्का अनुक्रमे चार वर्णांना घातक, अशी वाटणी केली आहे. आकाशातून पडणाऱ्या जळत्या खड्यालासुद्धा वर्णव्यवस्थेच्या उतरंडीत जागा मिळाली. ही केवळ ऐतिहासिक गंमत नव्हे. ग्रहणात बाहेर पडू नये, धूमकेतू दिसला की अरिष्ट येते, असे सांगणारी दूरध्वनीवरची मायेची माणसे आपल्यापैकी अनेकांना आजही आहेत. आणि पडलेल्या दगडाला शेंदूर फासून त्याचे देवस्थान करणे हा प्रकारही जुनाच आहे.

विज्ञानही वर्गवारी करते, हे खरे. ‘एच’, ‘एल’, ‘एलएल’ हीही नावे आहेत आणि त्यांवरून दगड कोणत्या मूळ पिंडातून आला याचाही अंदाज बांधतात. मग फरक कोठे? एक तर ही वर्गवारी मोजमापावर उभी आहे. ऑलिव्हीनमधील लोहाचे माप बदलले तर दगडाचा गट बदलतो, कोणाचाही मान न राखता. दुसरे, या गटांत वरचा आणि खालचा नाही. लोह अधिक म्हणून ‘एच’ श्रेष्ठ ठरत नाही. आणि तिसरे, कोणीही, कोठल्याही देशातील, कोणत्याही घरात जन्मलेला माणूस तीच चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मागच्याचे उत्तर खोटे ठरवू शकतो. कालामांना तथागतांनी जे सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, त्याचा रोजच्या कामातील अर्थ असा आहे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. ‘आमच्या धम्मात हे आधीच सांगितले आहे’ असे म्हणण्याचा मोह. मज्झिमनिकायातील धातुविभंग सुत्तात भगवान राजगृहातील एका कुंभाराच्या कार्यशाळेत पुक्कुसाती या भिक्खूला सहा धातू समजावून सांगतात: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश आणि विज्ञान. हे धातू म्हणजे रसायनशास्त्रातील मूलद्रव्ये नव्हेत. पृथ्वीधातू म्हणजे सिलिकॉन किंवा लोह नव्हे. कठीणपणाचा, घनतेचा जो अनुभव येतो त्याचे ते नाव आहे. सुत्ताचा हेतू पदार्थांची यादी करणे हा नसून आसक्ती सोडवणे हा आहे. केस, नखे, दात, हाडे हा आतला पृथ्वीधातू आणि बाहेरचा पृथ्वीधातू, दोन्ही पृथ्वीधातूच. ‘हा माझा’ म्हणून धरून ठेवावे असे त्यात काही नाही, हा तो उपदेश. त्याला रसायनशास्त्राचे पदक लावले, तर आपण सुत्ताचाही अर्थ घालवतो आणि विज्ञानाचाही.

पण दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवल्या, तर एकमेकींशेजारी शांतपणे उभ्या राहतात. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे चार ग्रॅम लोह असते, त्यातील बरेचसे रक्तात. ते लोह आणि काटोलच्या दगडातील चंदेरी ठिपक्याचे लोह एकाच मूलद्रव्याचे आहे. दोन्ही सूर्य जन्मण्याच्या आधी मावळलेल्या ताऱ्यांत तयार झाले. ते ब्राह्मणाच्या रक्तात वेगळे आणि आपल्या रक्तात वेगळे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जमलेल्या लाखोंना हे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडली नव्हती. प्रयोगशाळा तेच दुसऱ्या मार्गाने सांगते, एवढेच.

शेवटी आपल्या परिसराविषयी. २ जुलै २०२० च्या पहाटे अडीचच्या सुमारास कांतो प्रदेशावरून एक प्रखर अग्निगोल गेला आणि अनेकांनी स्फोटासारखा आवाज ऐकला. एदोगावा नदीपलीकडे, चिबा प्रांतातील नाराशिनो शहरात, एका रहिवाशाला घराबाहेर दगडाचे तुकडे मिळाले. पुढे शेजारच्या फुनाबाशीतही मिळाले. आपण निशी-कासाईहून तोझाई मार्गाने जेवढ्या सहज फुनाबाशीकडे जातो तेवढ्याच अंतरावरची ही गोष्ट. तो दगड देव्हाऱ्यात गेला नाही, संग्रहालयाकडे गेला. अवकाशातील किरणांमुळे तयार होणारी आणि थोड्याच दिवसांत नष्ट होणारी किरणोत्सर्गी द्रव्ये त्यात अजून शिल्लक होती, त्यावरून तो नुकताच पडल्याचे सिद्ध झाले. खनिजांच्या तपासणीत तो ‘एच ५’ ठरला आणि शहराच्या नावाने जगाच्या यादीत नोंदवला गेला.

श्रद्धा आणि तपासणी यांची गाठ जपानने आणखी एका ठिकाणी समंजसपणे घातली आहे. फुकुओका प्रांतातील नोगाता येथे सुगा मंदिरात इ.स. ८६१ मध्ये पडलेला म्हणून एक दगड लाकडी पेटीत शतकानुशतके जपलेला होता. विसाव्या शतकात संशोधकांनी तो मागितला, मंदिराने तपासू दिला, आणि ४७२ ग्रॅमचा तो दगड खराच अशनी निघाला. पडताना पाहिल्याची नोंद असलेला आणि आजही हातात असलेला जगातील हा सर्वांत जुना अशनी. त्याचा प्रकार ‘एल ६’, म्हणजे काटोलचाच. दगड आजही मंदिरातच आहे. कळल्यामुळे त्याचे काही कमी झाले नाही.

म्हणून आपल्या मुलांना एखाद्या दिवशी उएनोच्या राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयात किंवा ताचिकावा येथील ध्रुवीय विज्ञान केंद्रात न्यावे. १९६९ साली जपानी तुकडीला अंटार्क्टिकातील यामातो पर्वताजवळच्या बर्फावर नऊ अशनी मिळाले, आणि तेथून अशनी-संशोधनाचे एक नवे दालन उघडले. मुलांना तो काळा, जळक्या सालीचा दगड दाखवावा आणि त्यात काय आहे ते सांगावे. आणि गावी कोणाच्या शेतात असा दगड पडल्याचे कळलेच, तर दूरध्वनीवर एवढे जरूर सांगावे: तो धुऊ नका, फोडू नका, चुंबक लावू नका, कारण चुंबकाने त्यातील प्राचीन चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. हळद, कुंकू, शेंदूर, तेल लावू नका. त्या प्रत्येकातील द्रव्य दगडात उतरते आणि पुढचे पृथक्करण बिघडवते. पडलेली जागा आणि वेळ लिहून ठेवा, छायाचित्र काढा, स्वच्छ पिशवीत ठेवा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. भारतात अशनींचे जतन करण्याची जबाबदारी त्याच संस्थेकडे आहे. आणि ज्याने तो पडताना पाहिला, तो शेतमजूर असो की गुराखी, त्याचे म्हणणे शब्दशः टिपून घ्या. ल्युसेच्या शेतकऱ्यांचे कोणी ऐकले असते, तर विज्ञानाची तीस वर्षे वाचली असती.

जय भीम. नमो बुद्धाय.